पाकिटावरचा प्रदेश आणि कपातली चव : कॉफी ओळखायला शिकताना

कॉफीच्या पाकिटावर देशाचं नाव, त्याखाली उच्चारायला अवघड असं एखादं गाव आणि त्याखाली ‘चमेली, लिंबू, मध’ अशी यादी दिसली की नवखा माणूस दोनपैकी एक करतो. हे सगळं कॉफीत खरोखर घातलंय असं समजतो, नाहीतर विकणाऱ्यांचं थोतांड म्हणून सोडून देतो. घातलेलं काहीच नसतं, पण फरक मात्र खरा असतो. थोडे दिवस लक्ष देऊन प्यायलं तर केनिया आणि ब्राझील डोळे मिटूनही वेगळे सांगता येतात.

अडचण अशी की बहुतेक ठिकाणी प्रदेशांच्या चवी पाढ्यांसारख्या पाठ करायला देतात. इथिओपिया म्हणजे फुलं, ब्राझील म्हणजे चॉकलेट, सुमात्रा म्हणजे ओली माती. पाठ होतात, आणि मग इथिओपियाचंच दुसरं पाकीट आणावं तर त्यात फुलं नसतात, पिकून फुटायला आलेल्या ब्लूबेरीचा वास असतो. पाठांतर तिथेच संपतं. प्रदेशाचं नाव हे खरं तर चार गोष्टींचं एकत्र टोपणनाव आहे : तिथलं तापमान, तिथला पाऊस, लावलेली जात आणि फळ वाळवायची पद्धत. या चार गोष्टी सुट्या करून बघायची सवय लागली की अनोळखी पाकिटाबद्दलही बरा अंदाज बांधता येतो.

पहिली पायरी : एक नको, दोन पाकिटं घ्या

एकच कॉफी पिऊन तिच्याबद्दल फारसं कळत नाही, जिभेला तुलना लागते. सुरुवातीला अगदी दोन टोकांची जोडी निवडा. माझी पसंती ब्राझीलची नॅचरल आणि केनियाची वॉश्ड. या दोन शब्दांचा अर्थ पुढे येतोच. दोन्ही शंभर टक्के अरेबिका, दोन्ही अख्खे दाणे, भाजल्याची तारीख महिनाभराच्या आतली. ब्लेंड नको आणि चिकोरी मिसळलेली तर नकोच.

भाजणीबद्दल मात्र हट्ट धरा. मध्यम किंवा त्याहून किंचित हलकी भाजलेलीच घ्या. दाणा काळा आणि तेलकट होईपर्यंत भाजला की त्यातली बरीचशी आम्लं आणि नाजूक सुगंध उडून जातात, मागे राहते ती भाजणीचीच कडवट, धुरकट चव. त्या अवस्थेत केनिया काय आणि ब्राझील काय, सख्खे भाऊ वाटतात. ‘प्रदेशाचा फरक मला कधी जाणवलाच नाही’ म्हणणारे बरेच लोक आयुष्यभर फक्त गडद भाजलेली कॉफी प्यालेले असतात.

दुसरी पायरी : पाकीट नीट वाचा

सगळ्यात आधी प्रजाती. अरेबिका मूळची इथिओपियाच्या डोंगराळ भागातली. तिला साधारण १८ ते २२ अंश सेल्सिअस सरासरी तापमान मानवतं. रोबस्टा उष्ण, सखल प्रदेशात वाढते, रोगांना कमी बळी पडते, तिच्यात कॅफीन जवळजवळ दुप्पट आणि साखर कमी. त्यामुळे ती जास्त कडू आणि दाट लागते. व्हिएतनाम, युगांडा आणि भारत हे रोबस्टाचे मोठे उत्पादक. भारतात पिकणाऱ्या कॉफीतही रोबस्टाचाच वाटा मोठा आहे. नीट पिकवलेली, धुतलेली रोबस्टा चांगली लागू शकते, पण प्रदेशांचा अभ्यास अरेबिकापासून सुरू केलेला बरा.

त्यानंतर ठिकाण. नुसतं ‘ब्राझील’ किंवा ‘कोलंबिया’ लिहिलं असेल तर माहिती निम्मीच आहे. देश, त्यातला जिल्हा, त्यातला मळा किंवा फळं धुण्याचं केंद्र, असं जितकं आत जाल तितकी चव नेमकी सांगता येते.

मग अक्षरं. केनियाच्या पाकिटावर ‘एए’ असतं आणि लोक ते परीक्षेतल्या श्रेणीसारखं वाचतात. तो फक्त दाण्याचा आकार आहे. कोलंबियाचं ‘सुप्रीमो’ही आकारच सांगतं. ग्वाटेमालाच्या ‘एसएचबी’ला मात्र वेगळा अर्थ आहे : ही कॉफी साधारण १३५० मीटरच्या वर पिकलेली आहे. आकारापेक्षा ही माहिती चवीच्या दृष्टीने कितीतरी कामाची.

तिसरी पायरी : उंचीचा आकडा एकटा वाचू नका

उंची वाढली की कॉफी चांगली होते, असं सर्रास म्हणतात. खरं काम उंची करत नाही, गारवा करतो. दर हजार मीटरला तापमान साधारण ६ अंशांनी उतरतं. गार हवेत, विशेषतः गार रात्रींत, फळ सावकाश पिकतं. अरेबिकाचं फूल उमलल्यापासून फळ लाल होईपर्यंत एरवी सहा ते नऊ महिने लागतात. उंचावर हा काळ लांबतो आणि दाण्याला भरायला वेळ मिळतो. दाणा घट्ट होतो, साखर जास्त साठते, आणि कपात तो फळासारखा चमकदार आंबटपणा येतो. अरेबिकात आंबटपणा हा दोष नाही. पिकलेल्या संत्र्याचा आंबटपणा काढून घेतला तर उरेल ते नुसतं गोड पाणी. कॉफीचंही तसंच.

हे दाण्यावर दिसतंसुद्धा. उंचावरच्या कॉफीचे दाणे तळहातावर घेऊन सपाट बाजू वर करा. मधली चीर अरुंद, मिटलेली आणि बरेचदा नागमोडी असते. सखल भागातल्या दाण्यात तीच चीर सरळ आणि उघडी दिसते. दोन्ही पाकिटं हाताशी असतील तर दळण्याआधी एवढं जरूर बघा.

आता उंचीचा आकडा फसवतो कुठे ते सांगतो. विषुववृत्ताजवळ गारवा हवा तर बरंच वर चढावं लागतं. म्हणून दक्षिण कोलंबियातल्या नारिन्योत कॉफी २००० मीटरपर्यंत जाते आणि इथिओपियातल्या यिर्गाचेफेतही १७०० ते २२०० मीटरचे मळे असतात. विषुववृत्तापासून दूर गेलं की तोच गारवा खालीच मिळतो. हवाईचा कोना भाग जवळजवळ १९ अंश उत्तरेला आहे. तिथली नावाजलेली कॉफी हजार मीटरच्या खालीच पिकते, आणि दुपारी डोंगरावर जमणारे ढग सावलीचं काम करतात. ब्राझीलमध्ये १००० ते १२०० मीटर म्हणजे चांगली उंची. तिथे फार वर किंवा फार दक्षिणेला सरकता येत नाही, कारण अरेबिकाला दहिवर, म्हणजे गोठलेलं दंव, सोसत नाही. जुलै १९७५ मधल्या दहिवराने पाराना राज्यातले कॉफीचे मळे जवळजवळ साफ झाले आणि देशातली लागवड उत्तरेकडे सरकली. म्हणून ११०० मीटरची ब्राझील आणि ११०० मीटरची कोलंबिया शेजारी ठेवून ‘दोन्ही सारख्याच’ म्हणू नका. अक्षांश बघा, मग आकडा वाचा.

मातीबद्दल थोडं. ‘ज्वालामुखीच्या मातीतली कॉफी’ हे वाक्य पाकिटांवर फार लोकप्रिय आहे. ग्वाटेमालाचं अँटिग्वा, केनियाचा मध्य भाग, कोना या ठिकाणची माती खरोखर ज्वालामुखीजन्य आहे. ती पाण्याचा निचरा चांगला करते, मुळं खोल जातात, झाड निरोगी राहतं. त्याचा फायदा चवीला होतोच. पण मातीतलं अमुक खनिज सरळ कपात तमुक चव होऊन उतरतं, हे मी फारसं मनावर घेत नाही. त्याच मळ्यात फळ आठ दिवस आधी, अर्धकच्चं तोडलं तरी चव त्याहून जास्त बदलते.

चौथी पायरी : पाऊस कधी पडतो ते विचारा

प्रदेशाची चव म्हणून आपण जे ओळखतो त्यातला मोठा हिस्सा फळ तोडल्यानंतर तयार होतो. आणि तोडल्यानंतर काय करता येईल, हे तिथला पाऊस ठरवतो. नवख्यांच्या लेखांत हा भाग दोन ओळींत उरकतात. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

कॉफीचं फळ छोट्या चेरीएवढं. वर साल, आत गोड चिकट गर, त्याच्या आत चर्मपत्रासारखं कडक टरफल आणि त्यात दोन दाणे. अख्खं फळ उन्हात तसंच वाळवलं तर ती नॅचरल. दाणा गराच्या सहवासात दोन-चार आठवडे राहतो, म्हणून चवीत पिकलेपण, गोडवा, कधी मद्यासारखा वास येतो. साल काढून, गर आंबवून धुवून टाकला आणि मग टरफलासकट दाणा वाळवला तर ती वॉश्ड. हिची चव स्वच्छ आणि आंबटपणा स्पष्ट. साल काढायची पण गर थोडाफार ठेवून वाळवायचं, ती हनी. कोस्टा रिकाने हिला नाव मिळवून दिलं. मधाचा तिच्याशी संबंध फक्त चिकटपणापुरता.

ब्राझीलच्या कॉफीपट्ट्यात तोडणी साधारण मे ते सप्टेंबरमध्ये, म्हणजे तिथल्या कोरड्या हिवाळ्यात होते. आभाळ निरभ्र, पाऊस क्वचित. अशा ठिकाणी अख्खी फळं अंगणात पसरणं सहज जमतं, म्हणून नॅचरल ही तिथली जुनी पद्धत. त्यात कमी उंची आणि मुंडो नोव्हो, कातुआईसारख्या भरघोस पीक देणाऱ्या जाती. परिणाम तुमच्या पहिल्या पाकिटात आहे : कमी आंबट, दाट, शेंगदाणा आणि चॉकलेटकडे झुकणारी चव.

याच्या अगदी उलट सुमात्रा. तिथे हवा वर्षभर दमट आणि पाऊस केव्हाही येतो. एरवी टरफलातला दाणा ११-१२ टक्के ओलावा उरेपर्यंत वाळवतात, मग टरफल काढतात. सुमात्रात इतका वेळ ऊन मिळेल याची खात्री नसते. म्हणून दाण्यात ३० टक्क्यांहून अधिक ओलावा असतानाच टरफल काढून टाकतात आणि उघडा दाणा वाळवतात. तो लवकर वाळतो. या पद्धतीला तिथे गिलिंग बासाह म्हणतात. ओला, मऊ दाणा यंत्रात दाबला जातो, काहींची टोकं फाटतात, आणि कच्च्या दाण्याला निळसर हिरवी झाक येते. कपात देवदाराचं लाकूड, मसाले, ओली माती, आणि आंबटपणा जवळजवळ गायब. सुमात्राच्या मातीची चव म्हणून लोक जिचं कौतुक करतात ती बरीचशी सुमात्राच्या पावसाने लादलेल्या घाईची चव आहे.

पावसाचा आणखी थेट वापर म्हणजे मॉन्सून्ड मलबार. पूर्वी शिडाच्या जहाजांतून केप ऑफ गुड होपला वळसा घालून युरोपात जाताना भारतीय कॉफी महिनोन्‌महिने दमट हवेत राहायची, फुगायची, पिवळी पडायची. प्रवास जलद झाला आणि ही चव हरवली. गिऱ्हाइकांना तीच हवी होती. मग मलबार किनाऱ्यावरच्या उघड्या गोदामांत नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यात दाणे मुद्दाम पसरून ठेवायची पद्धत बसली. ते फिकट पिवळे होऊन फुगतात, आंबटपणा मावळतो, दाटपणा राहतो. पिकली तेव्हा ही कॉफी अशी अजिबात नव्हती.

पाचवी पायरी : जातीला तिचं श्रेय द्या

यिर्गाचेफेची फुलांसारखी चव उंचीने आली की जातीने? दोन्हींनी. इथिओपिया अरेबिकाची जन्मभूमी असल्यामुळे तिथे स्थानिक जातींची विविधता अफाट आहे. बाकी जग बराच काळ येमेनमार्गे बाहेर पडलेल्या थोड्याशा रोपांच्या वंशावर, मुख्यतः टिपिका आणि बुर्बों या दोन जातींवर चाललं.

जात किती फरक करते याचं ठळक उदाहरण पनामाचं. इथिओपियाच्या रानातून १९३० च्या दशकात गोळा केलेलं एक वाण फिरत फिरत पनामात पोचलं होतं. २००४ मध्ये हासिएंडा ला एस्मेराल्दा या मळ्याने त्याचे दाणे वेगळे काढून ‘बेस्ट ऑफ पनामा’ स्पर्धेत उतरवले. कपात चमेली आणि बर्गमॉट, तेच लिंबूवर्गीय फळ ज्याचा वास अर्ल ग्रे चहाला असतो. परीक्षक चक्रावले आणि गेशा हे नाव जगभर झालं. प्रदेश पनामाचा, पण चव पनामाच्या नेहमीच्या कॉफीसारखी मुळीच नाही. म्हणून पाकिटावर गेशा लिहिलं असेल तर आधी जात बघा, देश नंतर.

केनियातही हेच. तिथल्या ब्लॅककरंटसारख्या, जिभेच्या कडा ओलावणाऱ्या आंबटपणामागे स्कॉट लॅबोरेटरीजमध्ये १९३० च्या दशकात निवडलेली एसएल २८ आणि तिची जोडीदार एसएल ३४ या जातींचा मोठा हात आहे. जोडीला न्येरी, किरिन्यागा भागांतली उंची आणि आंबवून झाल्यावर दाणे पुन्हा स्वच्छ पाण्यात भिजवायची तिथली रीत.

सहावी पायरी : आता प्या

साधनं थोडीच लागतात : दोन सारखे कप, वजनकाटा, दोन चमचे, गरम पाणी. दूध आणि साखर बाजूला ठेवा. दूध आंबटपणा झाकतं, आणि इथे शोधायचा आहे तो नेमका तोच.

प्रत्येक कपात ११ ग्रॅम ताजी, जाडसर दळलेली पूड. आधी कोरडीच हुंगा. पाणी उकळून अर्धा-एक मिनिट थांबा आणि २०० मिलिलिटर ओता. ढवळू नका. वर पुडीचा थर जमेल. बरोबर चार मिनिटांनी नाक कपाजवळ नेऊन चमच्याच्या पाठीने तो थर तीनदा मागे सारा. सगळ्यात जास्त सुगंध या क्षणी मिळतो, आणि तो काही सेकंदच टिकतो. मग वरचा फेस काढून टाका आणि पाच-सहा मिनिटं थांबा. जीभ भाजली की पुढचं सगळं वाया.

चमचाभर घेऊन आवाज करत ओढा, म्हणजे कॉफी तोंडभर पसरते आणि वास मागून नाकात चढतो. लाजू नका. फळांची नावं शोधू नका, निदान पहिले काही दिवस. चारच प्रश्न : आंबटपणा आहे का, आणि कसला, लिंबासारखा टोकदार की सफरचंदासारखा मऊ? तोंडात वजन किती, पाण्यासारखं की सायीसारखं? गोडवा जाणवतो का? गिळल्यावर काय उरतं आणि किती वेळ? उत्तरं कागदावर लिहा. गरम असताना एकदा, कोमट असताना एकदा आणि पूर्ण गार झाल्यावर एकदा. केनिया गार होताना उलगडत जाते, सुमात्रा गरम असतानाच जास्त बोलते. गार झाल्यावर दोष उघडे पडतात ते वेगळंच.

दोन्ही कप सपाट लागले तर पाण्यावर संशय घ्या. फार जड पाण्यातले क्षार कॉफीतली आम्लं मारून टाकतात आणि केनियाही मिळमिळीत लागते. कमी क्षाराचं बाटलीतलं पाणी वापरून बघा.

आणि रवांडा किंवा बुरुंडीची कॉफी पिताना एखाद्याच कपात कच्च्या बटाट्याचा वास आला तर ती प्रदेशाची चव समजू नका. त्या भागातल्या एका किडीशी जोडलेला तो दोष आहे. एकच बाधित दाणा अख्खा कप बिघडवतो. तो कप ओतून टाका आणि दुसरे दाणे दळा, पाकीट बहुधा ठीक असतं.

सातवी पायरी : एका वेळी एकच गोष्ट बदला

ब्राझील-केनिया जोडीत सगळंच वेगळं होतं, कारण सुरुवातीला फरक मोठा हवा होता. आता बारकाईने. प्रक्रियेचा परिणाम बघायचा तर एकाच भागातली, म्हणजे इथिओपियातल्या सिदामा किंवा गुजीची, एक वॉश्ड आणि एक नॅचरल घ्या. पहिल्या पाकिटात फुलं आणि दुसऱ्यात ब्लूबेरी का, हे कोडं इथे सुटतं. देशाचा परिणाम बघायचा तर प्रक्रिया सारखी ठेवा : वॉश्ड केनिया आणि वॉश्ड कोलंबिया.

एकाच देशातला फरक बघायला कोलंबियासारखी सोय नाही. अँडीजच्या तीन रांगा, विषुववृत्ताशी जवळीक आणि बऱ्याच भागांत वर्षातून दोन हंगाम, त्यामुळे देशात कुठे ना कुठे तोडणी चालूच असते. दक्षिणेची उंचावरची वीला किंवा नारिन्यो आणि उत्तरेची सांतांदेर शेजारी ठेवा. दक्षिणेत फळाचा आंबटपणा, उत्तरेत दाटपणा आणि चॉकलेट. भारताचंही असंच करता येतं. २०१९ मध्ये कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुडनगिरी आणि अराकू व्हॅलीच्या अरेबिकाला आणि वायनाडच्या रोबस्टाला भौगोलिक मानांकन मिळालं. पश्चिम घाटातली बहुतेक लागवड मोठ्या झाडांच्या सावलीत, मिऱ्याच्या वेलींच्या सोबतीने होते, आणि अरेबिका सहसा सौम्य आंबट, गोलसर लागते. चिकमगळूरची वॉश्ड अरेबिका आणि वायनाडची वॉश्ड रोबस्टा ही जोडी तर प्रजातींचा फरक एका घोटात दाखवते.

अॅनारोबिक, कार्बोनिक वगैरे लिहिलेली पाकिटं तूर्त बाजूला ठेवा. बंद टाकीत आंबवलेल्या या कॉफ्या मजेदार असतात, पण त्यांत टाकीची चव इतकी पुढे येते की प्रदेश शोधत बसणं व्यर्थ.

दोन कॉफ्या खरंच वेगळ्या कळतात की नाव वाचून वेगळ्या वाटतात, याची खात्री करायची असेल तर तीन कप मांडा, दोनात एक कॉफी, तिसऱ्यात दुसरी. कपांच्या तळाशी खूण करायला दुसऱ्या कोणाला तरी सांगा, जागा बदलायला लावा आणि वेगळा कप ओळखा. ब्राझील-केनिया पहिल्याच फेरीत जमेल. वीला-सांतांदेर बरेचदा चुकेल. तिथे पुन्हा गार होऊ द्या आणि फक्त आंबटपणाकडे लक्ष ठेवून तिन्ही कप परत चाखा.